नदी पाच देशांची, खर्च कोणाचा?

मुरा, द्रावा आणि डॅन्यूब या नद्यांच्या काठचा सुमारे 700 किलोमीटर लांबीचा पट्टा 15 सप्टेंबर 2021 रोजी युनेस्कोने जैवावरण राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, हंगेरी आणि सर्बिया या पाच देशांत तो पसरला आहे. एकाच राखीव क्षेत्रात पाच देश सहभागी होण्याची जगातली ही पहिलीच वेळ. सुमारे 9 लाख 30 हजार हेक्टरांच्या या क्षेत्रात पूरमैदाने, काठची जंगले, रेतीची बेटे, जुन्या पात्रांत साचलेले डोह, कुरणे आणि शेती आहे. पुराचे पाणी सामावून घेणे, भूजल भरणे, पाणी गाळून स्वच्छ करणे आणि प्राणी-पक्ष्यांना एका अधिवासातून दुसऱ्यात जाण्याची वाट देणे ही कामे हा प्रदेश कोणत्याही यंत्राविना करतो. युरोपीय संघाने 2013 मध्ये हरित पायाभूत सुविधांचे धोरण स्वीकारले, ते अशाच प्रदेशांसाठी. रस्ते आणि वीजवाहिन्यांप्रमाणे निसर्गाचेही जाळे आधी आखावे, त्यासाठी पैसा बाजूला काढावा आणि त्याची निगा राखावी, असे ते धोरण सांगते.

द्रावा इटलीच्या दक्षिण टायरॉलमध्ये उगम पावते. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया या तीन देशांत मिळून तिच्यावर वीसहून अधिक जलविद्युत केंद्रे आहेत. शेवटची तीन, वराझ्दिन, चाकोवेत्स आणि दुब्रावा, क्रोएशियात आहेत. त्यांच्या खाली मात्र नदी डॅन्यूबला मिळेपर्यंत मोकळी वाहते. वाटेत लेग्राडजवळ मुरा तिला मिळते. मोकळ्या पात्रातल्या रेतीच्या बेटांवर लहान सुरय घरटी करतो. नदीने कापलेल्या उभ्या दरडींत पाकोळ्या बिळे खोदतात आणि काठच्या जुन्या जंगलात पांढऱ्या शेपटीचा गरुड राहतो. द्रावा-डॅन्यूब संगमावरचे कोपाच्की रित हे पाणथळ क्षेत्र माशांच्या विणीसाठी प्रसिद्ध आहे.

या संपत्तीला खरा धोका आहे तो वरून येणारी रेती थांबल्याचा. धरणांच्या जलाशयांत रेती-गोटे अडतात आणि खाली जाणारे पाणी गाळाविना, भुकेले असते. ते पात्राचा तळ खरवडत जाते. काठ दगडांनी बांधून काढलेले असल्यामुळे नदीला बाजूला सरकता येत नाही, म्हणून ती खालीच खोदत राहते. पात्र खोल गेले की पाण्याची पातळी उतरते, त्यापाठोपाठ भूजल उतरते, काठची जंगले सुकू लागतात आणि जुने डोह नदीपासून तुटतात. शिवाय विजेच्या मागणीनुसार पाणी सोडले जात असल्याने पातळी दिवसभरात वर-खाली होते आणि बेटांवरची घरटी बुडतात. वीज ज्या देशाला मिळते त्याला हे नुकसान अनेकदा दिसतही नाही, कारण ते बरेचसे खालच्या देशात होत असते. हे नुकसान भरून काढण्याचा खर्च कोणत्याही एका देशाच्या अर्थसंकल्पात सहसा पूर्णपणे धरला जात नाही, यामागचे एक कारण इथे आहे.

सीमा ओलांडून नदीचा विचार करण्याची इथली परंपरा मात्र जुनी आहे. ऑस्ट्रिया आणि त्या वेळचे युगोस्लाव्हिया यांनी 1954 मध्येच मुरेच्या सीमेवरील टप्प्यासाठी करार करून कायमस्वरूपी आयोग नेमला होता. पुढे शीतयुद्धातल्या सीमेने, हेतू नसताना, निसर्गाला मोठाच आसरा दिला. पहारे आणि कुंपणे असलेल्या पट्ट्यांत शेती, बांधकाम आणि रस्ते यांना मज्जाव होता. पश्चिम जर्मनीत काय फ्रोबेल या तरुण पक्षीनिरीक्षकाने 1970 च्या दशकात कोबुर्ग भागाच्या नोंदी केल्या. गप्पीदासाचा जवळचा नातलग असलेला एक दुर्मीळ पक्षी जवळजवळ सीमेच्या पट्ट्यातच घरटी करतो, असे त्याला आढळले. बर्लिनची भिंत पडल्यानंतर महिनाभरातच, 9 डिसेंबर 1989 रोजी, बव्हेरियातल्या होफ गावी दोन्ही जर्मनींतले सुमारे 400 निसर्गप्रेमी जमले. सीमेचा पट्टा हरित पट्टा म्हणून राखावा, असा ठराव त्यांनी केला. पुढे ती कल्पना पूर्व आणि पश्चिम युरोपला विभागणाऱ्या संपूर्ण पोलादी पडद्याला लागू झाली. बॅरेंट्स समुद्रापासून काळा समुद्र आणि एड्रियाटिकपर्यंत 12,500 किलोमीटरहून लांब असलेल्या या युरोपीय हरित पट्ट्याला 24 देश लागून आहेत.

जर्मनीतल्या 1,393 किलोमीटरच्या पट्ट्याचा अनुभव नियोजनाबद्दल बरेच काही शिकवतो. नकाशावर अखंड दिसणारी ही हिरवी रेघ मालकीच्या नोंदींत हजारो तुकड्यांची होती. काही तुकडे केंद्र सरकारकडे, काही खासगी मालकांकडे. एकीकरणानंतर काही ठिकाणी जमिनी नांगरल्या गेल्या. मग बुंड या पर्यावरण संघटनेने लोकांना 'हरित समभाग' विकून त्या पैशांतून जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. मिखाईल गोर्बाचेव यांनीही असा समभाग घेतला होता. केंद्र सरकारने आपल्या मालकीच्या जमिनी राज्यांना निसर्गरक्षणासाठी विनामूल्य देण्याचे मान्य केल्यावर कामाला वेग आला. 2018 मध्ये थुरिंगिया राज्याने आपल्या हद्दीतला 763 किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय निसर्गस्मारक म्हणून घोषित केला. ठराव आणि हे संरक्षण यांच्यामध्ये एकोणतीस वर्षे गेली आणि तेही एका देशाच्या आत.

पाच देशांत हेच काम किती अवघड असेल याची कल्पना त्यावरून येते. मुरा-द्रावा-डॅन्यूबच्या बाबतीत पाचही देशांच्या मंत्र्यांनी मार्च 2011 मध्ये हंगेरीत गोडोल्लो येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्यानंतर प्रत्येकाने आपापल्या वेगाने पावले टाकली. क्रोएशिया आणि हंगेरीचा भाग 2012 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, सर्बियाचा 2017 मध्ये, स्लोव्हेनियाचा 2018 मध्ये आणि ऑस्ट्रियाचा 2019 मध्ये. हे तुकडे एकत्र आले ते 2021 मध्ये. दहा वर्षे संथ वाटतील, पण ज्या प्रदेशात 1991 ते 1995 या काळात युद्ध झाले आणि कोपाच्की रितच्या परिसरात सुरुंग पेरले गेले, तिथे ही दहा वर्षे थोडीच म्हणावी लागतील.

जैवावरण राखीव क्षेत्राचा आराखडा तीन थरांचा असतो. गाभा क्षेत्रात निसर्गाला पूर्ण संरक्षण, त्याभोवती मर्यादित वापराचे क्षेत्र आणि बाहेर गावे, शेती व पर्यटन असलेले संक्रमण क्षेत्र. कागदावर हे सोपे वाटते. पण एका काठावरचा गाभा समोरच्या काठावरच्या गाभ्याला जुळावा लागतो. दोन देशांची सर्वेक्षणाची पद्धत वेगळी, जंगल आणि पाणी खात्यांची रचना वेगळी, भाषाही वेगळी. त्यात नदी पात्र बदलते. क्रोएशिया आणि सर्बिया यांच्यात डॅन्यूबवरच्या सीमेचा वाद याच कारणाने अनिर्णित आहे. क्रोएशिया जुन्या जमीन नोंदींची हद्द मानतो, सर्बिया आजच्या प्रवाहाची मध्यरेषा. जिथे हद्दच वादात आहे तिथे काठाचे दगड काढून नदीला मोकळे करायचे ठरवले, तर परवानगी नेमकी कोणी द्यायची हा प्रश्न खराखुरा उभा राहतो.

आता पैशाकडे. रस्ते, रेल्वे आणि बंदरांच्या युरोपव्यापी जाळ्यासाठी युरोपीय संघाने 2021 ते 2027 या काळात सुमारे 25.8 अब्ज युरोंची वेगळी तरतूद केली. हरित जाळ्यासाठी तसा स्वतंत्र निधी आजवर उभा राहिलेला नाही. निसर्ग, हवामान आणि स्वच्छ ऊर्जा या सगळ्यांसाठी मिळून असलेल्या 'लाइफ' या कार्यक्रमाची याच सात वर्षांची रक्कम 5.4 अब्ज युरो आहे आणि त्यातला निसर्गाचा वाटा दोन अब्जांच्या थोडा वर जातो. या आकड्यांतली तफावत फार मोठी आहे, आणि सुसज्ज महामार्गांशेजारी तुटक जंगले का दिसतात याचे उत्तर त्यातच मिळते.

सीमेपलीकडच्या कामांसाठी खरा आधार 'इंटररेग' या 1990 पासून चालू असलेल्या कार्यक्रमाचा. त्याच्या डॅन्यूब विभागात 14 देश येतात. एकट्या देशाला अर्ज करता येत नाही, निरनिराळ्या देशांतल्या संस्थांनी भागीदार व्हावे लागते. त्यांपैकी एक संस्था मुख्य भागीदार म्हणून सगळ्यांच्या हिशेबाची जबाबदारी घेते. सध्याच्या कालखंडात मान्य खर्चाच्या 80 टक्के रक्कम संघ देतो, उरलेले 20 टक्के भागीदारांनी आणायचे. रक्कम साधारणपणे आधी खर्च करून, हिशेब तपासून, मग परत मिळते. मोठ्या सरकारी खात्याला हे झेपते. एखाद्या लहान उद्यानाच्या कार्यालयाला किंवा स्थानिक संस्थेला मात्र महिनोन्‌महिने पदरचे पैसे अडकवून ठेवावे लागतात. सर्बिया संघाचा सदस्य नाही, त्यामुळे तिथला निधी सदस्यत्वाच्या वाटेवरील देशांसाठीच्या वेगळ्या खात्यातून यायचा. एकाच नदीच्या दोन काठांवर दोन खाती, असा हा प्रकार होता. 2021 नंतर ही खाती एकाच कार्यक्रमात आणली गेली, ही सुधारणा महत्त्वाची आहे.

या निधीतून 'कूप एमडीडी' आणि 'लाइफलाइन एमडीडी' असे प्रकल्प झाले. पहिल्यात पाच देशांच्या संरक्षित क्षेत्रांच्या प्रशासनांना एकत्र आणण्यावर भर होता, दुसऱ्यात गाळाच्या वाहतुकीचा व नदीच्या जोडणीचा अभ्यास आणि पुनरुज्जीवनाची प्रात्यक्षिके. प्रत्यक्ष काम काठाचे दगड काढण्याचे, बंद झालेले उपप्रवाह उघडण्याचे आणि पात्र रुंद करण्याचे. मुरेच्या ऑस्ट्रिया-स्लोव्हेनिया टप्प्यात पात्र रुंद करून नदीला पुन्हा रेती मिळवून देण्याचे उपाय योजले गेले. पण प्रकल्प दोन-तीन वर्षांचा आणि नदीचा आजार अनेक दशकांचा. मुदत संपली की नेमलेली माणसे जातात, मोजणी थांबते आणि पुढच्या अर्जाची वाट पाहावी लागते. निगेचा नियमित खर्च शेवटी प्रत्येक देशाच्या तिजोरीवरच येतो. तो तिथे न धरता केलेला आराखडा अपुराच समजायला हवा.

मोठे आकडे जाहीर करणे त्या मानाने सोपे असते. 5 जून 2000 रोजी बल्गेरिया, रोमानिया, मोल्दोव्हा आणि युक्रेन यांनी डॅन्यूबच्या खालच्या भागात हरित मार्गिका उभारण्याचे ठरवले. 9 लाख 35 हजार हेक्टरांचे संरक्षण आणि 2 लाख 23 हजार हेक्टर पूरमैदानांचे पुनरुज्जीवन अशी उद्दिष्टे होती. संरक्षित क्षेत्र जाहीर करण्यात हे देश बरेच पुढे गेले, पुनरुज्जीवन मात्र मागे राहिले. जाहीर करायला अधिसूचना पुरते. पूरमैदानात पाणी पुन्हा आणायचे तर बांध फोडावा लागतो आणि त्यामागची जमीन कोणीतरी कसत असतो. त्या शेतकऱ्याला भरपाई कोण देणार हे आधी ठरले नाही तर बांध जागचा हलत नाही.

राजकारणाचे वारेही या जाळ्यावर आदळतात. 2015 मध्ये स्लोव्हेनियाने क्रोएशियाच्या सीमेवर प्राण्यांचीही वाट अडवणाऱ्या काटेरी तारा लावल्या. 2022 मध्ये पोलंडने बेलारूस सीमेवर, बियाओव्हिएझाच्या प्राचीन जंगलातूनही जाणारी साडेपाच मीटर उंचीची भिंत पूर्ण केली. या जंगलाचे दोन्ही देशांतले भाग मिळून जागतिक वारसा स्थळ आहे.

18 ऑगस्ट 2024 पासून युरोपीय संघात निसर्ग पुनरुज्जीवनाचा नवा कायदा लागू झाला. 2030 पर्यंत संघाच्या किमान 20 टक्के जमिनीवर व समुद्रावर पुनरुज्जीवनाचे उपाय करायचे आणि किमान 25,000 किलोमीटर नद्या पुन्हा अडथळ्याविना वाहत्या करायच्या, अशी त्याची उद्दिष्टे आहेत. प्रत्येक सदस्य देशाने आपला आराखडा, खर्चाच्या अंदाजासह, स्वतंत्रपणे सादर करायचा आहे. त्यामुळे मुरा-द्रावा-डॅन्यूब राखीव क्षेत्रासाठी ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, क्रोएशिया आणि हंगेरी या चार देशांचे चार आराखडे तयार होतील. सर्बियाला हा कायदा बंधनकारक नाही. वरच्या धरणांतून रेती किती सोडायची आणि विजेच्या उत्पन्नात त्यामुळे येणारी तूट कोणी सोसायची, हे या आराखड्यांनी एकमेकांशी जुळवून ठरवायला हवे.