भयकथेतील विराम

इंग्रजीभाषक देशांत, विशेषतः अमेरिकेत, ३१ ऑक्टोबरच्या रात्री मुलांना भुताखेतांच्या गोष्टी सांगण्याची चाल आहे. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस. त्याची पूर्वसंध्या म्हणजे ‘हॅलोवीन’. ‘हॅलो’ म्हणजे संत व ‘ईन’ म्हणजे संध्याकाळ, अशी या शब्दाची फोड आहे. या गोष्टींपैकी ‘सोन्याचा हात’ ही कथा भाषाभ्यासकाने आवर्जून पाहावी अशी आहे.

कथानक अगदी साधे आहे. मृत पत्नीचा सोन्याचा हात नवरा थडग्यातून चोरतो. ती परत येते आणि हात कोणी नेला, असे पुनःपुन्हा विचारते. जोसेफ जेकब्झ यांनी १८९० मध्ये ही कथा थोड्या निराळ्या रूपात छापली. मार्क ट्वेन यांनी ती बालपणी मिसूरीत, मावशीच्या शेतावर, गुलामगिरीत असलेल्या एका कृष्णवर्णीय गृहस्थाच्या तोंडून ऐकली होती. अखेरच्या उद्गारापूर्वीचा विराम किंचित आखूड वा लांब झाला तरी गोष्ट फसते, असे त्यांनी १८९५ च्या निबंधात म्हटले आहे.

याचे कारण व्याकरणात सापडते. तोवर प्रश्न ‘कोणी?’ असा, म्हणजे तृतीय पुरुषातला असतो. विरामानंतर एकाएकी द्वितीय पुरुष येतो आणि ऐकणारे मूलच चोर ठरते. मराठीत ‘घेतलास’ या रूपातील अंत्य ‘स’ देखील हे काम करू शकेल. परंतु नुसत्या ‘स’ने कोणी दचकावयाचे नाही. आपल्याकडे ‘तूच!’ एवढेच ओरडणे बरे.

ॲल्विन श्वार्ट्‌झ यांच्या १९८१ पासूनच्या भयकथासंग्रहांत, शेजाऱ्यावर झेप केव्हा घ्यावी, अशा सूचनाही आहेत. तथापि १९९० ते १९९९ या दशकात अमेरिकेत ज्या पुस्तकांवर सर्वाधिक आक्षेप आले, त्यांच्या ग्रंथालय संघटनेने केलेल्या यादीत ही मालिका पहिली आहे. स्टीफन गॅमेल यांच्या चित्रांवरही पालकांचा रोष होता. २०११ च्या आवृत्तीत ती बदलण्यात आली, पण पुढे वाचकांच्या आग्रहाने परत आली. आक्षेप सर्वस्वी निराधार होता असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. चित्राला विराम नसतो. एकट्याने पान उलटणाऱ्या मुलाचा चेहरा कोणी पाहत नसते. पण मग ग्रंथालयातून पुस्तक काढून टाकण्यापेक्षा ते मोठ्याने वाचून दाखविणे अधिक सयुक्तिक नव्हते काय? ट्वेन यांनी तर तो उद्गार कथेत सर्वाधिक गुंगलेल्या श्रोत्याकडे रोखून पाहत काढावयास सांगितले आहे, आणि तसा श्रोता निवडण्यासाठी आधी सगळ्यांचे चेहरे न्याहाळावे लागतात.