सागवानी नावेची हौशी बांधणी
काटोलची जाम नदी ही वर्धेची उपनदी असून, अशा उथळ पात्रासाठी खोल कण्याच्या सागरी होडीपेक्षा सपाट तळाची नाव सोयीची ठरते, कारण ती थोड्या पाण्यातही तरंगते. पूर्व विदर्भात वैनगंगेकाठच्या ढिवर समाजात डोंग्याची, म्हणजे एकच खोड कोरून केलेल्या नावेची, जुनी परंपरा आहे; मात्र तेवढे जाड खोड आज सहजी मिळत नसल्याने हौशी कारागिराला फळ्यांची बांधणी पत्करावी लागते. त्यासाठी नीट वाळवलेले सागवान उत्तम, कारण त्यातील नैसर्गिक तेलामुळे ते लवकर कुजत नाही. फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात ठोकून वर राळ व तेलाचे मिश्रण भरतात. पाण्यात लाकूड फुगून सांधे अधिक घट्ट होतात, म्हणून सुरुवातीला थोडे पाणी झिरपले तरी बांधणी फसली असे मानू नये.