बहिरं लेकरू धावताना पडलं, तर आधी ईसीजी काढा

आमच्या वस्तीतल्या सात वर्षांच्या एका मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. खेळताना जोरात धावली की ती धपकन पडायची, डोळे फिरवायची आणि मिनिटभरात उठून बसायची. घरच्यांनी कांदा हुंगवला, कुणी लिंबू उतरवलं. एका दवाखान्यात फिटच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन वर्षं गोळ्या खाल्ल्या, पण पडणं थांबलं नाही. शेवटी आम्ही तिच्या आईसोबत गेलो आणि ईसीजी काढायला लावला. दोष मेंदूत नव्हता, हृदयात होता.

कान आणि हृदयाचा संबंध काय? आपल्या पेशींच्या भिंतींत पोटॅशियमची ये-जा करणारी बारीक दारं असतात. ही दारं प्रथिनांची बनलेली असतात. त्यांतल्या एका प्रथिनाचं नाव केसीएनक्यू१. याचे चार तुकडे जुळले की एक दार तयार होतं. पण ते एकट्यानं नीट चालत नाही. केसीएनई१ नावाचं लहानसं प्रथिन त्याला येऊन जोडलं जातं, तेव्हाच हृदयाला हवा तसा त्याचा वेग जुळतो. ही जोडी शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये प्रयोगातून दाखवली. एखाद्या प्रथिनाचे जोडीदार कोण असतील, याची यादी आता संगणकही काढून देतो. त्यातली काही नावं सिद्ध झालेली असतात, काही नुसता अंदाज असतो. ही जोडी मात्र पक्की आहे.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. धावताना किंवा घाबरल्यावर ठोके वाढतात, तेव्हा हे दार जास्त जोरानं चालावं लागतं. ते बिघडलेलं असेल तर पेशी वेळेत तयार होत नाही, ठोके विस्कटतात, मेंदूला रक्त पोहोचत नाही आणि लेकरू कोसळतं. कानाच्या आतल्या द्रवात पोटॅशियम भरण्याचं कामही हीच जोडी करते. म्हणून ती पूर्ण बंद पडली तर बाळ जन्मतःच बहिरं होतं.

१९५७ मध्ये नॉर्वेतल्या येर्वेल आणि लांगे-निल्सन या डॉक्टरांनी एका कुटुंबाची नोंद केली. सहा भावंडांपैकी चौघं बहिरी होती आणि त्यांना अशाच चक्करा येत. त्यांतली तिघं चार, पाच आणि नऊ वर्षांची असताना अचानक गेली. आजाराला या दोघांचंच नाव आहे.

हा आजार दुर्मिळ आहे. बहुतेक बहिऱ्या मुलांचं हृदय ठणठणीत असतं, तेव्हा घाबरू नका. पण ईसीजीला सुई टोचत नाहीत, काही दुखत नाही आणि पाच-दहा मिनिटांत काम होतं. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "लेकरू जन्मापासून बहिरं आहे, धावताना बेशुद्ध पडतं, क्यूटी अंतर मोजा." हे अंतर साधारण ०.४४ सेकंदांपर्यंत असतं. या आजारात ते बऱ्याचदा ०.५० च्या वर जातं.

निदान झालं तर ठोक्यांवर लगाम ठेवणारी गोळी मिळते. ती मनानं बंद करायची नाही. शर्यत, विहिरीत किंवा नदीत पोहणं बंद. जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच ओआरएस द्या आणि दवाखाना गाठा, कारण शरीरातलं पोटॅशियम घटतं. काही अँटिबायोटिक आणि उलटीच्या गोळ्याही या मुलांना घातक ठरतात, म्हणून मेडिकलमधून परस्पर औषध आणू नका. लेकरू पडून श्वास घेत नसेल, तर छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा.

हा दोष आई आणि वडील अशा दोघांकडून आला, तरच हा आजार होतो. एकट्या आईला बोल लावू नका. तसे आई-वडील असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते. मामाच्या मुलीशी किंवा जवळच्या नात्यात लग्न झालं असेल तर असा योग जास्त जुळतो. म्हणून भावंडांचा आणि आई-वडिलांचाही ईसीजी काढून घ्या.

अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलं तपासायला येतं. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. ते कसं पडतं, कधी पडतं, हे पथकाला सांगा. आमच्या वस्तीतली ती मुलगी आता रोज गोळी घेते. वर्ष झालं, ती पडलेली नाही.