डोंगरमाथ्यावरचा पहारा

ज्वारी निसवली की आपण शेतात माळा बांधतो. त्यावर चढून पाखरे राखतो. माळा उंच का बांधायचा? उंचावरून चहूकडे नजर जाते म्हणून.

अमेरिकेतल्या लोकांनीही असेच माळे बांधले. पण ते पिकासाठी नव्हेत, जंगलासाठी. पाखरे हाकलायला नव्हेत, धूर हेरायला. त्यांतले पुष्कळ आता राहिले नाहीत. तरीही माणसे डोंगर चढून त्यांच्या जागा पाहायला जातात. असं काय आहे तिथे? तेच आज आम्ही सांगणार आहोत.

दोन दिवसांचा वणवा

गोष्ट 1910 सालची. अमेरिकेच्या वायव्य भागात आयडाहो आणि मोंटाना ही राज्ये आहेत. तिथे देवदाराच्या जातीची दाट जंगले आहेत. त्या वर्षी उन्हाळा फार कोरडा गेला. कुठे वीज पडून, कुठे आगगाडीच्या ठिणगीने लहान लहान आगी लागल्या. 20 ऑगस्टला सोसाट्याचा वारा सुटला आणि साऱ्या आगी एक झाल्या. दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर जंगल जळाले. निदान 85 माणसे मेली. त्यांतली बहुतेक आग विझवायला गेलेली माणसे होती.

एड पुलास्की नावाचा जंगल खात्याचा एक अधिकारी होता. त्याच्याबरोबर सुमारे 45 माणसे होती. चारी बाजूंनी आग आली. त्याने सगळ्यांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेले. बाहेर पळू पाहणाऱ्यांना त्याने पिस्तूल दाखवून आत थांबवले. पाच-सहा जण दगावले, पण बाकीचे वाचले. पुढे त्याच्या नावाचे एक हत्यार प्रसिद्ध झाले. त्याला एका बाजूला कुऱ्हाडीचे पाते आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखे पाते असते. एकाच दांड्याने झाड तोडता येते आणि मातीही खणता येते. वॉलेस गावाजवळच्या त्या बोगद्यापर्यंत आज पायवाट आहे. लोक तिथे चालत जातात.

माथ्यावरची चौकी

या वणव्याने सरकारचे डोळे उघडले. ठिणगी असतानाच आग कळली तर दहा माणसे ती विझवतात. वणवा झाल्यावर हजार माणसेही कमी पडतात. मग उंच उंच डोंगरांवर टेहळणीच्या चौक्या उभ्या राहिल्या. 1933 ते 1942 या काळात सरकारने बेकार तरुणांना काम दिले. त्या तरुणांनी पुष्कळ चौक्या आणि पायवाटा बांधल्या. लाकूड, काचा, चूल, सारे सामान खेचरांच्या पाठीवरून वर गेले. एके काळी अशा चौक्या 5,000 हून अधिक होत्या.

चौकी म्हणजे साधी खोली. चारी बाजूंना खिडक्या. एक खाट, एक चूल. वर पाणी नसे. ते खालच्या झऱ्यावरून पाठीवर वाहून आणावे लागे. उन्हाळाभर पहारेकरी तिथे राही, बहुधा एकटाच. हे काम बायांनीही केले, बरं का! हॅली डॅगेट ही बाई 1913 साली कॅलिफोर्निया राज्यातल्या एका चौकीवर रुजू झाली. पुढची कित्येक वर्षे तिने तो डोंगर राखला.

खोलीच्या मधोमध एक गोल तबकडी असे. 1911 च्या सुमारास ऑस्बोर्न नावाच्या माणसाने ती बनवली. तबकडीवर त्या मुलखाचा नकाशा असे आणि कडेने फिरणारी नेम धरायची खाच असे. बंदुकीचा नेम धरतात तसा धुरावर नेम धरायचा. धूर कोणत्या दिशेला आहे ते कळे. मग टेलिफोनवरून खाली कळवायचे.

पण धूर किती लांब आहे ते कसं कळणार? त्यासाठी दुसऱ्या डोंगरावरचा पहारेकरीही आपली दिशा सांगे. नकाशावर दोन्ही चौक्यांपासून दोन रेघा ओढायच्या. त्या जिथे एकमेकींना छेदतील, तिथे आग!

वीज कडाडली की पहारेकऱ्याला स्वतःच्या जिवालाही जपावे लागे. तो काचेचे पाय लावलेल्या तिवईवर बसे. काचेतून वीज वाहत नाही, म्हणून.

आज तिथे काय दिसते?

पुढे विमाने आली. मग उपग्रह आणि कॅमेरे आले. चौक्यांची गरज कमी झाली. काही पडल्या, काही खात्यानेच जाळून वा मोडून टाकल्या. काही मात्र दुरुस्त करून राखल्या आहेत, आणि थोड्यांवर आजही पहारेकरी बसतो.

मोडलेल्या चौकीची जागा ओळखायची कशी? माथ्यावर चार कोपऱ्यांना पायाचे चार दगड किंवा चौथरे असतात. गंजलेले खिळे, वितळलेल्या काचेचे तुकडे, टेलिफोनच्या तारेचा वेटोळा सापडतो. पाहावे आणि तिथेच ठेवावे, अशी तिथली रीत आहे. तो सरकारी ठेवा असतो. पाणी घरूनच न्यावे, ढग गडगडताच खाली उतरावे, कुठे चाललो ते कुणाला तरी सांगून जावे, हेही तिथले चालणारे पाळतात.

एक चूक आणि एक धडा

1935 साली सरकारने हुकूम काढला, की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझलीच पाहिजे. हेतू चांगला होता. पण लहान आगीही बंद झाल्या, तेव्हा पाचोळा आणि वाळकी काटकी साठत गेली. मग लागलेली आग अधिकच भडकू लागली. 1970 नंतरच्या दशकात तो हुकूम मागे घेतला. आता तिथे जाणकार माणसे योग्य हवा पाहून थोडे थोडे रान स्वतः जाळतात.

म्हणून आपण उठून रान पेटवावे काय? मुळीच नाही! जाणत्याने आखून लावलेली आग वेगळी, नि मोहाची फुले वेचायला कुणी लावून दिलेली आग वेगळी. दुसरीला धनी नसतो. 1927 च्या वन कायद्याप्रमाणे राखीव जंगलात आग लावणे गुन्हा आहे. आपल्याकडे वन खाते उन्हाळ्याआधी जाळरेषा काढते, ती याचसाठी. उपग्रहावरून आगीची खबरही आता खात्याला मिळते.

पण उपग्रह आभाळात आहे. आपण रानाच्या कडेला आहोत. विडीचे थोटूक पायाने विझवणे, भाकरी भाजून झाल्यावर चुलीवर माती टाकणे, धूर दिसताच वनरक्षकाला कळवणे, एवढे आपल्या हाती आहे. त्या डोंगरावरचा एकटा पहारेकरी तरी दुसरे काय करत होता? डोळे उघडे ठेवत होता, आणि वेळेवर सांगत होता.