यंत्र नवे, हिशेब जुना



तीन एचपीची मोटर काढून साडेसातची बसवली आणि पाईप मात्र जुनाच ठेवला, तर काय होते हे नीरा डाव्या कालव्याकाठच्या माणसाला सांगायला नको. सांधे गळू लागतात. संगणक आणि त्यावर चालणारा प्रोग्राम यांचीही अशीच जोड असते. मोबाईल हाही संगणकच, म्हणून हा विषय आता आपल्या खिशापर्यंत आला आहे.

काही वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातील एका दूध संस्थेत गेलो होतो. दिवाळी तोंडावर, सभासद दूध फरकाची वाट पाहत होते, आणि सचिव कपाळाला हात लावून बसलेले. संस्थेने नवा संगणक घेतला होता. पण दुधाचा आणि उचलीचा हिशेब ज्या प्रोग्राममध्ये होता, तो डॉसच्या काळातला. नव्या यंत्रावर तो सुरूच होईना. यंत्रात दोष नव्हता. ते जुने प्रोग्राम 16 बिटांचे, आणि 64 बिटांची विंडोज ते चालवीत नाही. सभासदांची पत्रेही जुन्या मराठी फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नव्या यंत्रात नव्हता, त्यामुळे नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसे. नशीब एवढेच, की जुने यंत्र भंगारात गेले नव्हते. तेच जोडून याद्या छापल्या, तेव्हा फरक वाटला गेला.

मराठी अक्षरांचे हे दुखणे जुने आहे. एकेकाळी संगणकावर मराठी उमटवायला यंत्राच्या पोटात जिस्ट नावाचे वेगळे कार्ड बसवावे लागे. त्याचे काम कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झाले आणि पुण्याच्या सी-डॅकने ते पुढे नेले. पुढे यंत्रांची घडण बदलली, कार्डाची ती खाच गेली. युनिकोड आल्यावर कार्डाची गरजही उरली नाही. मात्र जुन्या फॉन्टमधला मजकूर आपोआप युनिकोडमध्ये येत नाही, तो मुद्दाम बदलून घ्यावा लागतो.

गंमत अशी की, यंत्र फार वेगवान झाले तरी प्रोग्राम अडतो. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कित्येक प्रोग्राम सुरू होतानाच यंत्राचा वेग मोजत. पेंटियम टू यंत्रे आली, मोजलेला आकडा ठरल्या जागेत मावेना, आणि प्रोग्राम 'शून्याने भागाकार' अशी चूक दाखवून उंबऱ्यातच बसू लागले!

आपल्या फोनचे उलटे आहे. यंत्र जुने, प्रोग्राम रोज नवा. ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर फोनवर आली. पिकात उभे राहून फोटो काढायचा असतो. अँड्रॉइड फार जुने असले तर ॲप उतरत नाही, जागा भरलेली असली तर मध्येच बंद पडते. पीक सातबाऱ्यावर चढले नाही, तर नुकसानभरपाईच्या वेळी धावाधाव आपलीच. बारामतीकडची एक भगिनी मुदतीच्या शेवटच्या दिवशी रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. फोनमध्ये भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ खच्चून भरलेले! ते मुलाच्या फोनवर पाठवून इथले पुसले, आणि बाजरीची नोंद झाली.

तेव्हा मुदत उघडताच पहिल्या आठवड्यात ॲप चालवून पाहा. संस्थेचा संगणक बदलताना विक्रेत्याला जुना हिशेब समोर उघडून दाखवायला सांगा, मगच पैसे द्या. जुन्या यंत्रातली सारी माहिती आधी दुसरीकडे उतरवून घ्या, आणि नव्यावर दोन-तीन पगार निघेपर्यंत जुने यंत्र हलवू नका.