ओझे वेगळे, व्यायाम वेगळा

जव्हार-मोखाड्यातल्या माणसाला वजन उचलायला वेगळे काय शिकवायचे, असे कुणालाही वाटेल. इथे पावसाळ्यात धो धो पडणारे पाणी डोंगरउतारावरून वाहून जाते आणि उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर पाण्यासाठी पायपीट सुरू होते. पंधरा लिटरचा भरलेला हंडा भांड्यासह सोळा-सतरा किलोचा होतो. शिवाय सरपणाची मोळी, भाताचे भारे आणि दिवाळीनंतर स्थलांतर करणाऱ्यांच्या नशिबी वीटभट्टीचे काम. तरीही याच भागातला तरुण पोलीस भरतीसाठी एकदम जड वजन उचलू लागला, तर पहिल्याच आठवड्यात कंबर किंवा खांदा धरून बसू शकतो.

ओझे किती आणि कधी उचलायचे, हे गरज ठरवते. ते रोज असते, थकले तरी टळत नाही आणि ठरावीक स्नायूंवरच भार टाकते. स्नायू बळकट व्हायला मात्र तीन गोष्टी लागतात. सवयीपेक्षा किंचित जास्त भार, त्यानंतर विश्रांती आणि पुरेसे अन्न. ओझ्यात भार भरपूर असतो, पण उरलेल्या दोन गोष्टी बहुधा मिळत नाहीत. म्हणून वर्षानुवर्षे ओझी वाहून मान, पाठ, गुडघे दुखू लागतात, तर बेताने वाढवलेले वजन स्नायू आणि हाडे मजबूत करते, रक्तातली साखर आटोक्यात ठेवायला मदत करते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाचा सल्ला दिला, तो यासाठीच.

सुरुवात कशी करावी?

सुरुवातीला जिम लागत नाही. घट्ट झाकणाचे, मुठीचे दोन प्लास्टिकचे कॅन पुरतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन हवे तेवढेच वाढवता येते. पाच किलोपासून सुरुवात करावी. अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये पाणी हिंदकळते, म्हणून हालचाली सावकाश कराव्यात.

पाच हालचाली पुरेशा आहेत. कॅन छातीशी धरून ओट्यावर बसणे-उठणे. जमिनीवरचा कॅन उचलणे. ओट्याला हात टेकून जोर मारणे. किंचित वाकून कॅन कमरेपर्यंत ओढणे. दोन्ही हातांत कॅन घेऊन चालणे. जमिनीवरून उचलताना कॅन दोन्ही पावलांच्या मध्ये ठेवावा, गुडघे थोडे वाकवून कंबर मागे न्यावी, पाठ सरळ ठेवावी आणि पायांच्या जोरावर उठावे. उचलताना श्वास सोडावा. श्वास रोखून जोर लावल्यास रक्तदाब एकदम वाढतो.

पहिल्या चार हालचाली प्रत्येकी दहा वेळा कराव्यात आणि शेवटी कॅन घेऊन मिनिटभर चालावे. थोडे थांबून पुन्हा एक फेरी. असे आठवड्यातून दोन दिवस, मध्ये दोन-तीन दिवसांचे अंतर ठेवून. ‘आणखी दोनदा जमले असते’ असे वाटत असतानाच थांबावे. बारा वेळा सहज जमू लागले की अर्धा लिटर वाढवावा. वीटभट्टीवर किंवा रस्त्याच्या कामावर राबलेल्या दिवशी संध्याकाळी पुन्हा वजन उचलू नये.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात मेंदू आणि नसा स्नायूंना नीट कामाला लावायला शिकत असतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या मागाहून, हळूहळू मजबूत होतात. घाई केली की दुखापत होते ती इथेच. जिममधला मोठा बार तर मोकळाच वीस किलोचा असतो, त्यामुळे दोनेक महिने हलक्या वजनावर हालचाल पक्की झाल्यावरच त्याला हात लावावा. वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने 2022 मध्ये 45 किलो गटात एकूण 153 किलो वजन उचलून कनिष्ठ जागतिक सुवर्णपदक जिंकले. अशा वजनामागे कित्येक वर्षांचा सराव असतो.

पोलीस भरतीतला गोळा पुरुषांसाठी 7.26 किलोचा आणि महिलांसाठी 4 किलोचा असतो. पहिल्याच दिवशी तो पन्नास वेळा फेकल्याने खांदा दुखावतो. गोळ्याला जोर पाय आणि कमरेतून मिळतो, म्हणून आधी ते बळकट करावेत.

आधी तपासणी

या भागात व्यायामाआधी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. रक्त कमी असेल तर दम लागतो आणि ताकद वाढत नाही. सिकलसेलच्या वाहकाला एरवी त्रास नसतो आणि व्यायामही बंद करावा लागत नाही. पण कडक उन्हात, पाणी न पिता, दमछाक होईपर्यंत जोर केल्यास स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. असह्य गोळे आले, अंगातले त्राण गेले किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ज्यांना सिकलसेलचा आजारच आहे त्यांनी आणि गरोदर महिलांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे थांबावे. अंग बाहेर येत असल्यासारखे वाटत असेल, तर आधी उपचार घ्यावेत.

महागड्या पावडरीची गरज नाही, इंजेक्शनच्या तर वाऱ्यालाही जाऊ नये. साठ किलोच्या माणसाला रोज साधारण पन्नास ग्रॅम प्रथिने लागतात, वजनाचा व्यायाम करणाऱ्याला सत्तरच्या पुढे. एका अंड्यातून सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांतून सात ग्रॅम मिळतात. नाचणीच्या भाकरीबरोबर उडीद किंवा तुरीची डाळ, सुकट, अंडी असा आहार हवा. घरात जेवण अपुरे असेल त्या दिवसांत वजन वाढवू नये.

स्थलांतरामुळे व्यायाम सुटला, तर परतल्यावर जुन्या वजनाच्या निम्म्यापासून पुन्हा सुरुवात करावी. किती लिटरने किती वेळा केले, हे वहीत लिहीत जावे. भरतीची तारीख जाहीर होण्याची वाट पाहू नये, कारण आठ आठवड्यांचा सराव आठ दिवसांत उरकता येत नाही.