शल्यचिकित्सकांचे ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षण : काय मिळते, काय मिळत नाही

अर्विंग (टेक्सास) : डॅलस आणि फोर्ट वर्थ यांच्या मधोमध वसलेल्या अर्विंगमध्ये, तसेच कॉपेल, प्लेनो, फ्रिस्को या आसपासच्या शहरांत अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. त्यांपैकी बहुतेकांना येथे आणले ते संगणक क्षेत्रातील नोकरीने. नोकरी एकाची असते, स्थलांतर मात्र दोघांचे होते. महाराष्ट्रात एम.एस. पूर्ण करून, काही वर्षे स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करून जोडीदारासोबत येथे आलेल्या शल्यचिकित्सकाला टेक्सासच्या शस्त्रक्रियागृहाचे दार बंद असते. अशा वेळी घर आणि मुले सांभाळून, सोयीच्या वेळी पूर्ण करता येणारे ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम साहजिकच आकर्षक वाटतात. त्यांतून नेमके काय हाती पडते, हे शुल्क भरण्यापूर्वी समजून घ्यायला हवे. शुल्क पुन्हा कमावता येते. शस्त्रक्रियेपासून दूर गेलेली वर्षे परत येत नाहीत.

अभ्यासक्रमांचे स्वरूप

या शिक्षणाचे सर्वांत परिचित उदाहरण स्कॉटलंडमधील आहे. एडिंबरा विद्यापीठ आणि तेथील रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स यांनी २००७ मध्ये शल्यशास्त्रातील ऑनलाइन एम.एस्सी. सुरू केली. तीन वर्षांचा हा अर्धवेळ अभ्यासक्रम शल्यप्रशिक्षणाच्या आरंभीच्या टप्प्यातील डॉक्टरांसाठी आहे. त्यापुढच्या टप्प्यासाठी २०११ पासून सीएच.एम. ही दोन वर्षांची अर्धवेळ पदवी आली. जनरल सर्जरीने सुरुवात झाली आणि पुढे अस्थिशल्य, मूत्ररोग, रक्तवाहिन्यांची शल्यचिकित्सा या शाखांची भर पडली.

विद्यार्थ्यापुढे एखाद्या रुग्णाची हकीकत, तपासण्या आणि प्रतिमा ठेवल्या जातात. तो निदान मांडतो, उपचारांचे पर्याय तोलतो, वेगवेगळ्या देशांतील सहाध्यायी आणि मार्गदर्शक यांच्याशी लेखी चर्चा करतो आणि अखेरीस संशोधनावर आधारित प्रबंध लिहितो. रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरलाही हे जमते. मात्र या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते : विद्यार्थी दिवसा एखाद्या रुग्णालयात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली शस्त्रक्रिया करीत आहे. ऑनलाइन अभ्यास हा त्या कामाला दिलेला जोड आहे. त्या कामाची जागा तो घेत नाही.

हाताचे शिक्षण

अमेरिकेत शल्यचिकित्सक घडविण्याची आजची पद्धत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रुजली. हे रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले आणि तेथे विल्यम हॉलस्टेड यांनी टप्प्याटप्प्याने जबाबदारी वाढविणारे निवासी प्रशिक्षण, म्हणजेच रेसिडेन्सी, घडविले. आजही जनरल सर्जरीची रेसिडेन्सी पाच वर्षांची असते. त्या काळात किमान ८५० शस्त्रक्रियांची नोंद लागते आणि त्यांपैकी किमान २०० अंतिम वर्षात झालेल्या असाव्या लागतात.

पडद्यावर काय शिकता येते आणि काय नाही, याची सीमारेषा एका परीक्षेत स्पष्ट दिसते. ही परीक्षा म्हणजे अमेरिकेतील एफएलएस, जी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांची मूलतत्त्वे तपासते. तिच्या लेखी भागाची तयारी ऑनलाइन साहित्यावर होते. दुसऱ्या भागात मात्र परीक्षा केंद्रावर, पेटीच्या आत कॅमेऱ्यातून पाहत, लांब अवजारांनी पाच कामे करून दाखवावी लागतात. त्यांत वस्तू एका खुंटीवरून दुसरीवर नेणे, आखलेले वर्तुळ कापणे आणि आत-बाहेर गाठी बांधणे यांचा समावेश असतो. वेळ आणि अचूकता, दोन्ही मोजली जातात.

या कौशल्याचा रुग्णाशी थेट संबंध आहे. २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिशिगनमधील २० शल्यचिकित्सकांनी लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेची प्रत्येकी एक चित्रफीत दिली. शस्त्रक्रिया कोणाची आहे हे न कळू देता समव्यावसायिकांनी त्यांना गुण दिले. सर्वांत कमी गुण मिळालेल्या गटाच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के होते, तर सर्वाधिक गुण मिळालेल्या गटात ५.२ टक्के. हे सर्वच शल्यचिकित्सक आपल्या क्षेत्रात काम करणारे होते. तरीही हाताच्या सफाईतील फरक रुग्णाच्या शरीरावर उमटला. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. हाताची पारख चित्रफितीवरून, दूर बसूनही करता येते. हात घडविण्यासाठी मात्र शस्त्रक्रियागृहच लागते.

दूरस्थ शिक्षण कोठे फळते

म्हणून पडद्यावरचे शिक्षण कमी प्रतीचे ठरत नाही. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. हेपॅटायटिस सी झालेल्या ग्रामीण रुग्णांना विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत शेकडो मैल यावे लागू नये, म्हणून गावोगावच्या डॉक्टरांना दूरदृश्य बैठकींतून प्रत्यक्ष रुग्णांवर चर्चा करीत मार्गदर्शन देण्यात आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४०७ रुग्णांच्या अभ्यासात विद्यापीठात ५७.५ टक्के, तर या गावोगावच्या केंद्रांत ५८.२ टक्के रुग्णांत उपचार यशस्वी ठरले.

येथे जे दुरून पोहोचले ते निर्णय घेण्याचे ज्ञान होते, आणि ते ज्यांच्यापर्यंत पोहोचले त्यांच्यासमोर रुग्ण बसलेला होता. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्येही तज्ज्ञ दूरदृश्य बैठकींतून कर्करुग्णांवर एकत्र विचार करतात. कोणत्या रुग्णाची शस्त्रक्रिया करावी, केव्हा करावी आणि कोणाची करू नये, हा शल्यशास्त्राचा मोठा भाग आहे. तो पडद्यावर उत्तम शिकता येतो.

परवान्याचा प्रश्न

पदवी आणि परवाना यांची गल्लत येथेच होते. ब्रिटनमध्ये तज्ज्ञांच्या नोंदवहीत नाव येण्यासाठी तेथील प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र, किंवा त्या तोडीचे ज्ञान, कौशल्य आणि अनुभव असल्याचा सविस्तर पुरावा लागतो. केवळ ऑनलाइन पदवी पुरत नाही. भारतात एम.एस. आणि डी.एन.बी. या पात्रता पूर्णवेळ निवासी प्रशिक्षणातूनच मिळतात. एम.एस. करणाऱ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयातही काम करावे लागते. संशोधनपद्धतीचा अनिवार्य अभ्यासक्रम मात्र भारतातही ऑनलाइन आहे. नियामकानेही ज्ञान आणि हात यांची विभागणी अशीच केली आहे.

अमेरिकेत परदेशी पदवीधराला आधी परीक्षा देऊन पात्रता प्रमाणपत्र मिळवावे लागते आणि मग रेसिडेन्सीच्या जागेसाठी स्पर्धा करावी लागते. टेक्सासने २०२५ मध्ये कायदा करून परदेशात परवाना असलेल्या डॉक्टरांसाठी तात्पुरत्या परवान्याची वाट खुली केली. परंतु तेथेही विचारले जाते ते मायदेशातील चालू परवान्याबद्दल, पूर्ण केलेल्या निवासी किंवा तत्सम प्रशिक्षणाबद्दल आणि टेक्सासमधील नोकरीच्या प्रस्तावाबद्दल. ऑनलाइन पदवी या यादीत नाही.

तज्ज्ञ झाल्यानंतरचे शिक्षण मात्र वेगळे. टेक्सासमध्ये डॉक्टरला दर दोन वर्षांत ४८ तासांचे निरंतर शिक्षण आवश्यक असते आणि त्यातील बराच भाग ऑनलाइन होतो. अर्विंगमध्येच मुख्यालय असलेली अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स ही संघटना आपत्कालीन डॉक्टरांना असे शिक्षण पुरवते. अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीनेही २०१८ पासून दर दोन वर्षांनी द्यावयाची, पुस्तके उघडून सोडवता येणारी ४० प्रश्नांची ऑनलाइन चाचणी आणली. जो आधीच शल्यचिकित्सक आहे, त्याचे ज्ञान ताजे ठेवण्याचा हा मार्ग आहे.

निर्णय घेताना

थोडक्यात, सोलापूर किंवा नांदेडच्या रुग्णालयात रोज शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला उत्तम ऑनलाइन अभ्यासक्रमाचा फायदा दुसऱ्याच दिवशी रुग्णाजवळ दिसू शकतो. अर्विंगच्या घरात बसलेल्या, हाती रुग्ण नसलेल्या सर्जनला तोच अभ्यासक्रम संशोधन, अध्यापन किंवा रुग्णालय व्यवस्थापनाकडे नेऊ शकेल. टेबलापर्यंत तो नेणार नाही. अभ्यासक्रम चालविणाऱ्यांना म्हणूनच तीन प्रश्न लेखी विचारावेत. ही पदवी कोणत्या देशात, कोणत्या नोंदणीसाठी ग्राह्य धरली जाते? प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा कोण, कोठे घेते? आणि शस्त्रक्रिया न करणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रम पूर्ण करता येतो का? तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर त्या पदवीतून हाताचे शिक्षण मिळणार नाही, हे उघड आहे.

अमेरिकेत येण्याच्या तयारीत असलेल्या शल्यचिकित्सकाला ऑनलाइन प्रवेशापेक्षा काही साधे कागद अधिक उपयोगी पडतील. केलेल्या शस्त्रक्रियांची तारीखवार, वरिष्ठांनी साक्षांकित केलेली नोंदवही, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचे चालू नोंदणीचे व चांगल्या व्यावसायिक वर्तणुकीचे प्रमाणपत्र हे ते कागद होत. ते मायदेशात असतानाच गोळा करणे सोपे. सातासमुद्रापलीकडून, जुन्या विभागप्रमुखांची निवृत्ती झाल्यावर, तेच काम अतिशय अवघड होते.